त्सोंगखापांचे चरित्र आणि गांदेनची गादी

तिबेटी लामांची चरित्रे मराठी वाचकाला फारशी परकी वाटत नाहीत. जन्माआधी आईला पडलेली स्वप्ने, लहानपणीची विलक्षण बुद्धी, देवतेचे दर्शन, पंडितांशी वाद. महिपतींच्या ‘भक्तविजया’वर वाढलेल्या माणसाला हा साचा ओळखीचा. तिबेटीत या प्रकाराला ‘नामथार’ म्हणतात, म्हणजे संपूर्ण मुक्ती. हेतू नावातच सांगितलेला असताना त्यात इतिहास कमी आहे म्हणून कुरकुरणे अन्यायाचे होईल. माझी तक्रार वेगळी आहे. गेलुग परंपरेचे प्रवर्तक त्सोंगखापा (१३५७–१४१९) यांनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मठ का स्थापन केला, हा प्रश्न त्यांच्या पारंपरिक चरित्रांना पडतच नाही.

पडायला हवा होता, कारण तोवरचे त्यांचे सारे आयुष्य फिरतीचे. ईशान्येकडील आमदो प्रांतातून सोळाव्या वर्षी ते मध्य तिबेटात आले आणि एका मठातून दुसऱ्या मठात, एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे शिकत राहिले. पुढे आठ शिष्यांसह ओल्खाच्या डोंगरांत एकांतवासात गेले. तिथे पस्तीस बुद्धांपैकी प्रत्येकाला लाख लाख साष्टांग नमस्कार घातले, असे परंपरा सांगते. ‘लामरिम चेन्मो’ हा त्यांचा सर्वांत वाचला जाणारा ग्रंथ १४०२ साली रेतिंगला लिहून झाला, तेव्हाही स्वतःचा म्हणावा असा मठ नव्हता.

त्यांचे प्रमुख चरित्रकार शिष्य खेद्रुप. चरित्राचे नाव मराठीत ‘श्रद्धेत उतरण्याचा घाट’ असे करता येईल. खेद्रुप गुरूंना भेटले १४०७ मध्ये, म्हणजे गुरूंची पन्नाशी झाल्यावर. त्याआधीचा सारा मजकूर त्यांना इतरांकडून मिळालेला. तरी एका बाबतीत त्यांना दाद द्यावी लागते. मंजुश्रीची दर्शने आणि गूढ अनुभव यांसाठी त्यांनी वेगळे ‘गुप्त चरित्र’ लिहिले. नंतरच्या संक्षेपकारांनी हा विवेक पाळला नाही. दोन्ही चरित्रे एकत्र कालवली आणि मठाची स्थापना म्हणजे एका भविष्यवाणीची पूर्तता, एवढ्यावर भागवले. खुद्द त्सोंगखापांचे छोटे पद्य आत्मचरित्र मात्र अभ्यासाचा हिशेब देते: काय ऐकले, ते कसे उमगले, कसे आचरले. मंजुश्रीविषयी कृतज्ञता आहे, पण चमत्कार नाहीत आणि मठबांधणीची हकीकतही नाही.

माझ्या मते उत्तर विनयात आहे. भिक्षूंच्या आचारनियमांवर त्सोंगखापांचा भर सर्वपरिचित आहे. नामत्से देंग येथील त्यांची विनयावरची प्रवचने त्यांच्या चार महाकार्यांत मोजली जातात. पण उपोसथ, वर्षावास, संघकर्म हे फिरत्या माणसाला शिकवता येते, वर्षानुवर्षे चालवता येत नाही. त्याला जागा लागते, सीमा लागते, ठरलेली माणसे लागतात.

आणि आश्रयदाते लागतात. इथे चरित्रे नकळत बोलकी होतात. १४०८ साली मिंग सम्राट योंगलचे निमंत्रण त्सोंगखापांनी नाकारले, हे अभिमानाने सांगितले जाते. पुढच्याच वर्षी ल्हासाच्या जोखांग मंदिरात त्यांनी महाप्रार्थनोत्सव भरवला. तिथे आलेल्या सोन्याचांदीची, लोण्याची यादी मात्र एखाद्या संस्थानाच्या जमाखर्चासारखी चोख असते. दात्यांत अग्रभागी होता फाग्मोद्रू घराण्याचा सत्ताधीश द्राकपा ग्याल्त्सेन. ही यादी पुण्य म्हणून दिली जाते, राजकारण म्हणून कोणी वाचत नाही. थुप्तेन जिन्पा यांनी २०१९ च्या इंग्रजी चरित्रात काळाची ही चौकट पुष्कळ भरून काढली आहे. ते स्वतः गांदेन परंपरेत शिकलेले, तेव्हा आतल्या माणसाने हे केले याचे मोल अधिक.

त्याच १४०९ मध्ये ल्हासाजवळच्या डोंगरावर गांदेन उभे राहू लागले. गांदेन म्हणजे तुषित, मैत्रेयाचा स्वर्ग. बांधकाम शिष्यांनी पाहिले. पुढे १६४२ मध्ये पाचव्या दलाई लामांच्या हाती सत्ता आली आणि ‘गांदेन फोद्रांग’ हे शासनाचे नाव झाले. (ते या मठावरून नव्हे, द्रेपुंगमधल्या दलाई लामांच्या निवासावरून आले.) म्हणून कोणी संस्थापकालाच सत्तेचा शिल्पकार ठरवू पाहील, तर मी गादीकडे बोट दाखवीन. आपल्याकडे गादी म्हटली की वंश आठवतो, तिबेटात पुनर्जन्म. गांदेनची गादी यांपैकी कशावरच चालत नाही. त्सोंगखापांनंतर ती शिष्य ग्याल्त्साब यांच्याकडे गेली, मग खेद्रुपांकडे. पुढे विद्येच्या पायऱ्या चढून आलेले, शार्त्से आणि जांग्त्से या दोन शाखांचे प्रमुख आळीपाळीने तिच्यावर बसू लागले. आईच्या लेकाजवळ विद्या असेल तर गांदेनच्या गादीला धनी नाही, अशा अर्थाची तिबेटी म्हणच आहे. चरित्रकारांनी स्वप्नांना दिलेली निम्मी पाने या एका गोष्टीला दिली असती तर!

सांस्कृतिक क्रांतीत मूळ गांदेन उद्ध्वस्त झाले. निर्वासितांनी ते कर्नाटकात मुंडगोडला पुन्हा उभारले. हुबळीपर्यंत जाणाऱ्याला ते फार दूर नाही. मी गेलो तेव्हा अंगणात वाद चालू होते. प्रश्न विचारणारा पाय आपटून टाळी वाजवी, बसलेला शांतपणे उत्तर देई. मधल्या विश्रांतीत एका तरुण भिक्षूला मी विचारले, त्सोंगखापांचे कोणते चरित्र तुम्ही अभ्यासता? तो हसला. परीक्षा प्रमाणवार्तिकाची असते, म्हणाला, आणि पुन्हा आपल्या जोडीदाराकडे गेला.