निरर्थक शब्दांतील 'आ' आणि 'ए'

अर्थ नसलेल्या शब्दांनी कविता होते काय? या प्रश्नावर रसिकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, हा पोरखेळ. दुसरा म्हणतो, ही कवीची संपूर्ण मुक्ती. स्पॅनिश भाषेतील अशा काही रचनांचे स्वर मोजून पाहिले, तर दोन्ही मते अपुरी ठरतात, असे आम्हांस वाटते.

क्यूबाचे कवी मारिआनो ब्रूल (१८९१–१९५६) यांनी पॅरिसमध्ये असताना आपल्या लहान मुलींना म्हणण्यासाठी आठ ओळींची एक कविता रचली. तिच्यातील पुष्कळ शब्द कोणत्याही कोशात सापडावयाचे नाहीत. मेक्सिकोचे साहित्यिक आल्फोन्सो रेयेस यांनी ती ऐकली. तिच्यातील 'हितानहाफोरा' हा शब्द त्यांना इतका भावला की, त्या मुलींनाच ते या नावाने संबोधू लागले. आणि १९२९ साली अशा सर्व रचनांना त्यांनी तेच नाव दिले. मुलांची बडबडगीतेही त्यांनी याच कुळात बसविली.

स्पॅनिशमध्ये स्वर पाचच. नेहमीच्या लेखनात शंभर वर्णांमागे 'ए' सुमारे १३ ते १४ वेळा येतो. त्याच्या खालोखाल 'आ', १२ च्या वर. म्हणजे एकूण स्वरांत या दोघांचा वाटा प्रत्येकी तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच कमी. ब्रूल यांच्या त्या कवितेत मात्र आमच्या मोजणीनुसार 'आ' निम्म्याच्या जवळ जातो आणि 'ए' जेमतेम आठव्या हिश्श्यावर उतरतो. आठ ओळींवरून नियम बांधता येत नाही, हे खरे. परंतु या फरकाचे कारण उघड आहे.

'दे', 'के', 'एन', 'एल', 'से' ही स्पॅनिश वाक्याची सांधेजोड करणारी चिमुकली पदे आहेत. 'चा', 'की', 'मध्ये' अशी कामे ती करतात, आणि त्या सर्वांत 'ए' आहे. ब्रूल यांनी ही पदे गाळली आणि त्यांच्याबरोबर 'ए' गेला. उरली ती नामांसारखी भासणारी, 'आ'कारान्त, गाता येणारी शब्दमाला.

याउलट हुलिओ कोर्तासार यांच्या 'रायुएला' (१९६३) या कादंबरीचे ६८ वे प्रकरण पाहावे. तेथील नामे व क्रियापदे बनावट आहेत. पण उपपदे, सर्वनामे, प्रत्यय अस्सल आहेत. त्यामुळे 'ए' जागच्या जागी राहतो आणि शब्द न कळताही प्रसंग कळतो. चिलीचे विसेन्ते उइदोब्रो यांनी 'आल्तासोर' (१९३१) या दीर्घकाव्यात दुसरे टोक गाठले. अखेरच्या ओळीत केवळ स्वर उरतात, आणि त्यांत 'ए' एकदाही नाही.

तेव्हा ही मुक्ती फुकटची नव्हे. कवीने शब्द नवे घडविले तरी ध्वनी आणि प्रत्यय मायबोलीकडूनच उसने घ्यावे लागतात. म्हणून तो पोरखेळही नव्हे. आमचा कौल कोर्तासारकडे झुकतो. ब्रूल कान तृप्त करतात, पण त्यांचे शब्द एकमेकांशेजारी नुसते उभे राहतात. कोर्तासारचे शब्द एकमेकांचे कोणीतरी लागतात. भाषेत नाते जोडण्याचे काम मोठे शब्द करीत नाहीत. ज्यांकडे आपले लक्षही जात नाही, अशी ती एका स्वराची लहान पदे करतात.