परमुलखातली नदी

ऐतिहासिक कादंबरीविषयी आपले समीक्षक एक वाक्य हमखास लिहितात : लेखकाने प्रदेश डोळ्यांसमोर उभा केला आहे. ठीक, पण उभा राहून तो प्रदेश करतो काय, हे कोणी विचारत नाही. विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) मी याच प्रश्नासाठी पुन्हा वाचली.

पानिपत परदेश कसा, अशी शंका येईल. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात 'हिंदुस्थान' म्हणजे उत्तरेकडचा मुलूख, आणि तिकडच्या माणसाला आपल्याकडे 'परदेशी'च म्हणत आले. उदगीरच्या विजयानंतर, मार्च १७६० मध्ये, सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले ते परतूरहून. परतूर आमच्याच जालना जिल्ह्यातले. अंतरवाली सराटीत बसून वाचणाऱ्याला त्या वाटेचे पहिले पाऊल तेवढे ओळखीचे. पुढचा सगळा परमुलूख.

या परमुलखाचे खरे बळ यमुनेत आहे. गोदाकाठचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब असा : दसऱ्याला नद्या उतरतात, मग सीमोल्लंघन. ऑक्टोबरात भाऊंनी कुंजपुरा घेतला, धान्य हाती आले, पण यमुना उतरायला तयार नाही. अब्दालीने मात्र महिनाअखेरीस बागपतजवळ माणसे वाहून गेली तरी नदी ओलांडली आणि दक्षिणेची वाट बंद केली. पुढची उपासमार, पुढची थंडी, १४ जानेवारीचा दिवस, सगळे या पाण्यातून निघते. शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१' शेजारी ठेवून वाचावे. इतिहासात नदी एका नोंदीत ओलांडली जाते. कादंबरीत काठावर थांबावे लागते. वर्णन किती पाने चालले याला माझ्या लेखी महत्त्व नाही. त्या मुलखाने माणसाचा हिशेब चुकवला का, एवढेच मी पाहतो.

याच लेखकाच्या 'महानायक'ला (१९९८) ही कसोटी लावली की गंमत होते. कादंबरी सुभाषबाबूंची, मुलूख कितीतरी अधिक दूरचे. ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर, १९४४ च्या इंफाळ मोहिमेत, पाऊस आणि जंगल यमुनेचेच काम करतात. युरोपातली शहरे मला तशी अडवत नाहीत. तिथे अडवतात ते कचेऱ्यांतले अधिकारी, आणि ते कुठेही भेटतात. (आपल्या तहसिलीत विचारा!)

तरी बर्लिनला एका गोष्टीचे श्रेय द्यावे लागते. तिथे पोचायला सुभाषबाबूंना काबूलहून इटालियन पासपोर्टावर, ऑर्लांडो मात्सोता म्हणून निघावे लागले. रस्ते, इमारती, बर्फ यांपेक्षा मला ते नावच अधिक परके वाटते.