भीमसेन जोशी यांचे ध्वनिमुद्रित गायन : श्रवणारंभाचा प्रश्न

पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांचे ध्वनिमुद्रित गायन विपुल आहे. १९४४ च्या सुमारास निघालेल्या, कानडी व हिंदी भक्तिगीतांच्या पहिल्या तबकड्यांपासून त्याचा आरंभ होतो. पुढे दीर्घवादी ध्वनिमुद्रिका, कॅसेट, कॉम्पॅक्ट डिस्क, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे व मैफलींतील खासगी मुद्रणे अशी त्याची व्याप्ती वाढत गेली. आज पदव्युत्तर वर्गात असलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी या गायकास मैफलीत ऐकलेले नाही. त्यांच्या दृष्टीने ही मुद्रणे म्हणजेच भीमसेन जोशी होत. म्हणून ‘श्रवणास आरंभ कोठून करावा’ हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. आरंभी जे ऐकले जाते त्यावरूनच पुढील साऱ्या श्रवणाची अपेक्षा ठरते.

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले कालक्रमाचे. ते शास्त्रशुद्ध वाटते. परंतु ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सव्वातीन मिनिटांच्या आसपासच अवकाश असे. अब्दुल करीम खाँ यांनी तेवढ्यात रागाचे सारसर्वस्व मांडले, कारण त्यांची प्रतिभा संक्षेपास अनुकूल होती. भीमसेनांची प्रतिभा विस्तारास अनुकूल आहे. तेव्हा आरंभीच्या तबकड्यांत त्यांचा आवाज भेटतो, त्यांची गायकी भेटत नाही. दुसरे उत्तर लोकप्रियतेचे : अभंगांपासून आरंभ करावा. महाराष्ट्रातील असंख्य श्रोत्यांचा त्यांच्याशी परिचय याच मार्गाने झाला. तथापि अभंगात चाल, शब्द व टाळांची लय यांनी स्वरविस्ताराचे क्षेत्र आधीच आखून दिलेले असते. तेथून ख्यालाकडे वळणारा श्रोता बड्या ख्यालातही पुन:पुन्हा ध्रुवपदाची वाट पाहत राहतो, आणि विलंबित आलाप त्याला रेंगाळलेला वाटतो. हा दोष अभंगाचा नव्हे, श्रवणक्रमाचा आहे.

यास्तव आरंभ दीर्घवादी मुद्रिकेपासून, आणि तीतही शुद्ध कल्याणापासून करणे इष्ट होय. या मुद्रिकेची एक बाजू सुमारे वीस मिनिटांची. मैफलीच्या मानाने हा काळ अपुराच; पण विलंबित व द्रुत यांचा परस्परसंबंध कळण्यास पुरेसा. शुद्ध कल्याणाचा आरोह भूपाचा आणि अवरोह कल्याणाचा. निषाद व तीव्र मध्यम मुख्यतः मींडेच्या ओघात येतात. रागाचा ओढा मंद्र सप्तकाकडे. स्वर लावताच तो भरून राहावा, त्याला श्वासाचा दीर्घ आधार असावा, आणि एका स्वरावरून दुसऱ्याकडे जाताना मधली वाट रिकामी राहू नये, या किराणा गायकीच्या मुख्य मागण्या येथे रागाच्या घडणीतच अंतर्भूत आहेत. भीमसेन षड्जावर स्थिर होऊन मंद्रात उतरतात, गांधाराकडे घाई न करता येतात, आणि तार षड्ज लागेपर्यंत श्रोत्याच्या अपेक्षेचा ताण वाढवीत नेतात. पुढे येणारी वेगवान, वजनदार तान ही वरून चढविलेला अलंकार नसते. संचित ताणाचे ते विसर्जन असते. हा न्याय एकदा ध्यानी आला म्हणजे पुरिया धनाश्री, मुलतानी, मियाँ की तोडी व दरबारी यांच्या मुद्रिका उलगडू लागतात.

दुसरी पायरी पाठीमागे नेणारी आहे. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी लहानपणी तबकडीवरून ऐकल्यामुळे गाण्याचा ध्यास लागून भीमसेनांनी १९३३ मध्ये घर सोडले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. म्हणजे हा गायकही प्रथम ध्वनिमुद्रिकेचा श्रोताच होता. ती ठुमरी आणि त्यांचे गुरू सवाई गंधर्व (१८८६–१९५२) यांच्या तबकड्या शुद्ध कल्याणानंतर ऐकल्यास परंपरेतून काय आले व स्वतःचे काय मिळविले, हे वेगळे करता येते. स्वराची आर्तता व मींड खाँसाहेबांची. कुंदगोळच्या गुरुगृही झालेली आवाजाची कमावणूक सवाई गंधर्वांची. पण तानेचा आवेश व आवाजाचे भारदस्तपण केवळ या वारशाने स्पष्ट होत नाहीत. केसरबाई केरकर व अमीर खाँ यांच्या गायनाचे संस्कार येथे विचारात घ्यावेच लागतात.

तिसऱ्या पायरीवर एक जुना आक्षेप तपासून घ्यावा. भीमसेनांचा रागसंग्रह मर्यादित होता, तेच ते राग ते गात राहिले, असे त्यांच्याविषयी वारंवार म्हटले गेले. ध्वनिमुद्रणांची यादी चाळली असता आक्षेपाचा तपशील बव्हंशी खरा ठरतो. ‘कलाश्री’, ‘ललित भटियार’ यांसारखी त्यांच्या नावाशी निगडित रागरूपे त्या यादीत आहेत. पण गुरुत्वमध्य मोजक्या, प्रचलित रागांतच आहे. तपशिलावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासावयास हवा. एकाच रागाची निरनिराळ्या दशकांतील दोन-तीन मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली की पुनरावृत्ती कोठे आहे आणि पुनर्विचार कोठे, हे दिसू लागते. तारुण्यातील मुद्रणांत तानेस जो अग्रमान आहे तो उत्तरकाळात आलापाकडे सरकतो. श्वास आखूड होतो तसा स्वरांमधील विराम अर्थपूर्ण होतो. काही ठिकाणी सराईतपणाही आढळतो, आणि तो मान्य केला पाहिजे. गौरवाने समीक्षेचे काम होत नाही.

या तीन पायऱ्यांनंतर ‘संतवाणी’कडे यावे. श्रीनिवास खळे व राम फाटक यांच्या चालींतील अभंग आता निराळेच ऐकू येतात : ख्यालात रागाच्या सेवेस लावलेली श्वासाची शक्ती येथे शब्दाच्या सेवेस लागली आहे, आणि एखादे विठ्ठलनाम सुटते तेव्हा त्यामागे शुद्ध कल्याणातील मंद्राची सारी साधना उभी असते. यांच्या जोडीस पुरंदरदासांची कानडी पदे ऐकणे अगत्याचे. गदगकडे जन्मलेल्या व पुण्यात स्थिरावलेल्या या गायकाच्या ठायी दोन भक्तिपरंपरांचा संगम आहे. मराठी अभ्यासक त्यातील एकीचाच हिशेब ठेवतो. ‘गुळाचा गणपती’ (१९५३), ‘बसंत बहार’ (१९५६) व ‘अनकही’ (१९८५) या चित्रपटांतील गीते, तसेच बालमुरळीकृष्ण यांच्यासमवेतच्या जुगलबंद्या अखेरीस ऐकाव्यात. त्या गायकीचा विस्तार दाखवितात, पाया नव्हे.

या क्रमात एक व्यावहारिक अडचण आहे, आणि ती संशोधनाचा विषय व्हावी. मैफलींची अनेक मुद्रणे स्थळ, दिनांक व साथीदार यांच्या नोंदीवाचून हातोहात फिरत आहेत. पुनर्प्रकाशित संचांवर मूळ मुद्रणाचे वर्ष अनेकदा छापलेले नसते. अशा स्थितीत ‘पूर्वकाल’ व ‘उत्तरकाल’ हे शब्द कानाच्या अदमासावर वापरले जातात, आणि गायकीच्या विकासाविषयीची विधाने त्याच प्रमाणात डळमळीत राहतात. वाङ्मयाच्या अभ्यासात पाठचिकित्सेवाचून अर्थनिर्णय ग्राह्य मानला जात नाही. संगीताच्या अभ्यासास निराळा न्याय लावण्याचे कारण नाही. सवाई गंधर्व महोत्सवात, मुंबई नभोवाणीवर व खासगी बैठकींत हे गायन ऐकलेली पिढी हयात आहे तोवरच साथीदारांची नावे, प्रसंग व वर्षे यांची पडताळणी शक्य आहे. श्रवणाचा आरंभ शुद्ध कल्याणापासून व्हावा. अभ्यासाचा आरंभ मात्र या नोंदींपासूनच होणे प्राप्त आहे.