श्रवणाची रोजकीर्द

शिकागोच्या पश्चिमेस, हमरस्त्याच्या गजबजाटापासून दूर वसलेल्या एका उपनगरातील घराच्या तळघरात, जेथे शेजारची कुटुंबे बर्फ उपसण्याची फावडी आणि मोडके फर्निचर ठेवतात तेथे, गेली चाळीसहून अधिक वर्षे गाण्याची एक बैठक नांदते आहे. आणि त्या बैठकीच्या भिंतीलगतच्या फडताळात कापडी बांधणीच्या ज्या जाडजूड वह्या ओळीने उभ्या आहेत, त्यांना आमचे यजमान ‘रोजकीर्द’ म्हणतात. आपले नाव छापू नये अशी त्यांची सक्त ताकीद असल्यामुळे या लेखात मी त्यांचा उल्लेख यजमान असाच करणार आहे. वहीच्या डाव्या पानावर तारीख, प्रहर, गायक, साथीदार, राग, ताल असा तपशील असतो. उजव्या पानावर मात्र त्या दिवशी आपले लक्ष कोठे ढळले, कोणती सम निसटली, कोणती जागा नीट कळली नाही, याची कबुली असते. ‘विलंबित संपेपर्यंत मन हपिसात’ अशी एक नोंद मी स्वतः वाचली आहे. गायकाच्या चुका टिपणारे रसिक मी पुष्कळ पाहिले. ऐकणाराचा हिशेब इतक्या सचोटीने ठेवणारा हा एकच.

वह्या चाळू लागले की नवख्या माणसाला पहिल्यांदा बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की यमन आणि तोडीच्या नोंदींच्या मधोमध एखाद्या जॅझच्या रात्रीची टिपणे येतात आणि त्यांना खेटून बेसबॉलच्या सामन्याचा गुणतक्ता डकवलेला असतो. हा छंदांचा पसारा नव्हे. आमच्या यजमानांना ऐकण्याची तालीम या तिन्ही ठिकाणी मिळाली.

त्यांचे बालपण गिरगावातले. ऑपेरा हाउसनजीकच्या प्रा. बा. र. देवधरांच्या संगीत विद्यालयात, जेथे कुमार गंधर्वांचे शिक्षण झाले, तेथे वडिलांच्या बोटाला धरून जाऊन बसण्याचा योग त्यांना अनेकदा आला. गणेशोत्सवात रस्त्यावर सतरंज्या पसरून होणाऱ्या बैठकी तर घरापुढेच असत. त्याच वयात चाळीतल्या एकुलत्या रेडिओभोवती कोंडाळे करून बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे मराठी धावते वर्णन ऐकण्याची सवय जडली, आणि न दिसणारे मैदान केवळ शब्दांवरून मनात मांडण्याची कला अंगवळणी पडली. जॅझची ओळखही तेथलीच, मात्र ती नकळत झालेली. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात सी. रामचंद्रांच्या संगीताला जी अनोखी झळाळी होती तिच्यामागे मूळचे गोव्यातील हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते, ज्यांना मुंबईकर भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हे यजमानांना पुष्कळ वर्षांनी, शिकागोत आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना उमगले.

अमेरिकेचे दरवाजे आशियातील लोकांना खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने, आणि त्यानंतरच्या लाटेत जे मराठी अभियंते व डॉक्टर येथे रुजू झाले त्यांपैकी ते एक. पहिल्या उन्हाळ्यात कचेरीतील एका वयस्क सहकाऱ्याने त्यांना रिग्ली फील्डवर नेले आणि हातात पेन्सिल व गुणपत्रक दिले. त्या मैदानावर दिवे आले ते १९८८ साली. तोवर शिकागो कब्जचे घरचे सामने दिवसाउजेडीच होत, आणि वेलींनी झाकलेल्या त्या विटांच्या भिंतीसमोर दुपारभर बसून यजमान चिन्हांची एक नवी लिपी शिकले. पिचर म्हणजे एक, कॅचर म्हणजे दोन, असे नऊ क्षेत्ररक्षकांना नऊ आकडे. सहा-चार-तीन एवढे लिहिले की शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या तळावर दिला, तेथून तो पहिल्या तळावर गेला आणि दोघे बाद झाले, हा सारा प्रसंग कागदावर उमटतो. फलंदाज तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवून बाद झाला तर इंग्रजी ‘के’ सरळ लिहायचा, नुसता पाहत राहून बाद झाला तर उलटा. भातखंडे-पलुसकरांच्या स्वरलिपीवर वाढलेल्या माणसाला या टिपणाची गोडी लागली यात नवल नाही, परंतु त्याहून मोलाची गोष्ट अशी, की गुणपत्रक भरणाराला डोळा मिटता येत नाही. चेंडू आणि चेंडू यांच्यामधल्या, परक्याला रिकाम्या वाटणाऱ्या अवकाशातही त्याला सावध राहावे लागते. रोजकीर्दीचा जन्म त्या गुणपत्रकातून झाला.

पुढे बहुतेक सामने त्यांनी रेडिओवरच ऐकले. वर्षाला एकेका संघाचे १६२ सामने, म्हणजे एप्रिलपासून सप्टेंबरअखेर जवळपास रोजचा रियाज; आणि दहा वेळा फलंदाजीस येऊन तीनदा यशस्वी होणारा खेळाडू येथे उत्तम गणला जातो, हे त्यांच्या मनावर खोल ठसले. प्रत्येक बैठकीत राग उभा राहिलाच पाहिजे असा हट्ट त्यांनी सोडला तो यामुळे. गाणे जमले नाही म्हणून मध्येच उठून जाणाऱ्यांबद्दल मात्र त्यांना मनापासून वाईट वाटते, आणि मलाही वाटते. १९०८ नंतर कब्जने अंतिम मालिकेचे विजेतेपद मिळवले ते २०१६ साली, त्या मालिकेतील सातव्या सामन्याच्या दहाव्या डावात, पावसाने खेळ सतरा मिनिटे थांबल्यानंतर. त्या रात्रीच्या पानावर उजवी बाजू कोरी आहे.

जॅझ तर शिकागोच्या मातीतच मुरलेला. न्यू ऑर्लिन्सहून लुई आर्मस्ट्राँग १९२२ साली किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदात वाजवण्यासाठी या शहरी आले, आणि ज्या ध्वनिमुद्रिकांनी एकल वादनाला जॅझमध्ये अग्रस्थान मिळवून दिले त्यांपैकी बहुतेक येथेच घडल्या. १९४७ पासून चालत आलेल्या ‘जॅझ शोकेस’च्या अंधाऱ्या दालनात बसून यजमान बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत. बत्तीस मापांचे आवर्तन, त्यात आठ-आठांचे चार खंड, तिसरा खंड वेगळा आणि चौथ्यात पुन्हा घरी परतणे. वादक कितीही दूर गेला तरी आवर्तन मनात धरून ठेवणे हे श्रोत्याचेही कर्तव्य. हे त्यांना त्रितालाच्या सवयीने सोपे गेले आणि उलट जॅझच्या मोजणीने त्यांचा विलंबित एकताल पक्का झाला. तरीही दोन्ही कलांना एकाच तागडीत घालण्याचा उथळपणा त्यांनी कधी केला नाही. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधील पहिल्या रचनेचे मुख्य सप्तक आपल्या काफी थाटाचे आहे, हे मी उत्साहाने सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “थाट जुळला हो, पण चलन कुठं आहे? न्यास कुठं आहे?” आणि मग तीच रचना मला तीनदा ऐकवली, दर वेळी वेगळ्या वाद्याकडे लक्ष द्यायला सांगून. जॉन कोल्ट्रेन यांना भारतीय संगीताची ओढ इतकी होती की त्यांनी मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले. पण त्यांच्या सॅक्सोफोनमधील तळमळ ही कोल्ट्रेनची स्वतःची आणि कृष्णवर्णीय अमेरिकेची आहे, तिला आपला शिक्का मारण्याचे कारण नाही, असे यजमानांचे मत, आणि ते मला सर्वस्वी मान्य आहे.

आता तळघरातील बैठकीकडे येतो, कारण या अंकात लिहिण्याचे प्रयोजन तेच. ज्या गोष्टीने मी सर्वाधिक प्रभावित झालो ती म्हणजे समयाचा त्यांनी पाळलेला शिरस्ता. परदेशातील मैफली शनिवारच्या संध्याकाळी होतात, त्यामुळे आयुष्यभर गाणे ऐकूनही पुष्कळांच्या कानी ललित किंवा भैरव सहसा पडत नाही. यजमानांनी पहिल्यापासून काही बैठका रविवारी पहाटे ठेवल्या. संधिप्रकाशाचा प्रश्न त्याहून बिकट. मुंबईत सूर्यास्ताची वेळ वर्षभरात फार तर सव्वा-दीड तासाने मागेपुढे होते. शिकागोत डिसेंबरमध्ये सूर्य सुमारे चार वाजून वीस मिनिटांनी मावळतो आणि जूनमध्ये साडेआठच्या सुमारास. अशा ठिकाणी मारवा केव्हा गावा? घड्याळाला विचारू नये, आकाशाला विचारावे, असा त्यांचा निवाडा. म्हणून हिवाळ्यात आम्ही दुपारचे जेवण उरकून साडेतीनलाच जमतो. तळघराला जमिनीलगत एक अरुंद खिडकी आहे. दिवा न लावता गायक बसतो, खिडकीतून येणारा बर्फावरचा निळसर उजेड हळूहळू मावळत जातो, आणि पंचम वर्ज्य असलेल्या त्या रागातील कोमल ऋषभ, षड्जाला टाळत टाळत, त्या मावळत्या उजेडात असा काही लागतो की घरापासून हजारो कोस दूर असल्याची जाणीव त्याच क्षणी तीव्र होते आणि त्याच क्षणी शमते. मायदेशातून आलेल्या एका गायकांनी, मारवा आपल्याला नव्याने भेटला, असे त्या खोलीत डोळे पुसत सांगितलेले मी ऐकले आहे.

या सगळ्यामागे यजमानांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे श्रम आहेत, आणि ते लिहिले नाहीत तर ही नोंद खोटी ठरेल. हिवाळ्यात घरे तापवणाऱ्या यंत्रांनी हवा इतकी कोरडी होते की तंबोऱ्याचा भोपळा तडकतो आणि तबल्याची पुडी ताणून सूर वर चढतो. म्हणून वाद्यांच्या खोलीत ओलावा राखणारे यंत्र लावणे, रोज जाऊन काटा पाहणे, बैठकीच्या आदल्या रात्री जवारीचा दोरा सारून तंबोरे लावून ठेवणे, हे सारे त्या करतात. पन्नास माणसांचा स्वयंपाक वेगळाच. मध्यंतरात बटाटेवडे मिळतात, परंतु गाणे चालू असताना पाण्याचे भांडेदेखील वाजत नाही.

केसरबाई केरकरांची भैरवी आणि आर्मस्ट्राँग यांचे १९२७ साली शिकागोतच मुद्रित झालेले ‘मेलँकली ब्लूज’ ही दोन्ही १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णमुद्रिकेत गेली; सत्तावीस रचनांत या दोघांना शेजार लाभला. याने निघाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. या दोन मुद्रिका आमच्या बैठकीत दर वर्षी एकापाठोपाठ एक ऐकवल्या जातात. येथे जन्मलेली आमची मुले, ज्यांना मराठी अडखळत येते, तीही त्या वेळी मांडी घालून स्तब्ध बसतात. त्यांतील दोघी आता ख्याल गातात आणि एक मुलगा तबल्याची साथ करतो. रोजकीर्दीचे डावे पान हल्ली तीच मुले भरतात. उजवे पान प्रत्येकाने आपापले भरायचे असते.

आमच्या या यजमानांची दृष्टी आता अधू झाली आहे, आणि त्या वह्यांत नोंदलेल्या कित्येक बैठकींच्या ध्वनिफिती आपल्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी पडून आहेत. दमट तळघरात चुंबकीय फीत चिकट होते आणि एकदा का तिचा लेप सुटला की आतले गाणे परत मिळत नाही. तेव्हा वाचकांना विनंती आहे, की आपल्या माळ्यावर वा तळघरात जुनी स्पूल किंवा कॅसेट सापडली तर ती यंत्रावर चढवून पाहण्याची घाई करू नये. वेष्टनावर तारीख, गायक, तबला व पेटीची साथ, आठवत असल्यास राग, एवढे लिहून ती मंडळाच्या पुढील सभेला घेऊन यावे. रोजकीर्दीशी ताडून पाहण्याचे काम आम्ही करू.