देवाचा धीर आणि बंद ताटी

जळगाव-धुळ्याच्या बाजारात किंवा रेल्वे स्टेशनाबाहेर ख्रिस्ती पत्रके वाटणारी माणसे आपल्यापैकी अनेकांना भेटली असतील. त्यांच्या बोलण्यात दोन गोष्टी हटकून येतात. देव फार सहनशील आहे, तुमच्यासाठी तो थांबला आहे, ही एक. त्याचे थांबणे कायमचे नाही, आज नाकाराल तर उद्या दार बंद असेल, ही दुसरी. माळकरी मनुष्य पहिली ऐकून मान डोलावतो आणि दुसरी ऐकून ‘रामकृष्ण हरी’ म्हणत पुढे चालू लागतो. त्यात वावगे काही नाही. पण ही शिकवण आपल्या इतकी जवळची आहे, आणि एका जागी इतकी दूरची, की तिच्यापाशी थोडे थांबायला हवे.

नव्या करारात पेत्राच्या नावाने दोन पत्रे आहेत. दुसऱ्यात एका टोमण्याची नोंद आहे. प्रभू परत येणार म्हणता, मग येत का नाही? वाडवडील मरून गेले, जग होते तसेच चालले आहे. पत्रकर्त्याचे उत्तर असे की, ज्याला तुम्ही उशीर म्हणता तो देवाचा धीर आहे. कोणाचा नाश व्हावा असे त्याला वाटत नाही, सगळ्यांनी वळावे म्हणून तो थांबला आहे. अठ्ठावीस युगे विटेवर उभ्या असलेल्या देवाच्या भक्ताला हे परके का वाटावे? त्याच पत्रात पुढच्याच वाक्यांत आकाश आणि पृथ्वी जळून जाण्याचे वर्णन येते, आणि पत्रके वाटणारा बहुधा तिथूनच बोलू लागतो.

येशूच्या दृष्टान्तांकडे वळले म्हणजे मात्र वेगळेच काही दिसते. लूकच्या शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे. मालक तीन वर्षे येऊन पाहतो, फळ नाही. तो म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, धनी, एवढे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मग धरले तर ठीक, नाहीतर तोडा. आपल्याकडे लिंबाची बाग ज्याने सांभाळली आहे त्याला हे बोलणे आतून कळेल. न धरणाऱ्या झाडाला एक पाळी जास्त देणारा गडी वेडा नसतो, त्याने ते झाड लावलेले असते. आता गोष्टीचा शेवट पाहा. पुढच्या वर्षी झाड धरले की तोडले? लूक सांगत नाही. माळ्याच्या विनवणीवर गोष्ट थांबते. कुऱ्हाडीचा आवाज त्यात नाही. तो ऐकवतात ते नंतरचे प्रवचनकार.

उधळ्या मुलाची गोष्ट तर आपल्या कीर्तनातही कधीमधी येते. पण आपण धाकट्यावरच थांबतो. बाप खरा तिष्ठतो तो थोरल्यासाठी. हा थोरला घरात राहिलेला, शेतात राबलेला, एकदाही शब्द न मोडलेला. धाकटा परतल्याची मेजवानी चालली आहे हे कळताच तो उंबऱ्याबाहेर रुसून उभा राहतो. बाप उठून बाहेर येतो आणि त्याची समजूत काढतो. तो आत गेला का? इथेही लूक गप्प आहे. या गोष्टीत तारण नाकारणारा जर कोणी असेल तर तो हा सज्जन मुलगा. वर्षानुवर्षे वारी चुकवली नाही, पण पंगतीत शेजारी कोण बसला याची चौकशी ज्याची सुटली नाही, असा माळकरी मला या थोरल्यात स्पष्ट दिसतो.

दार बंद होण्याच्या गोष्टीही आहेतच. दिव्यात तेल न ठेवलेल्या पाच कुमारींसाठी दार उघडले जात नाही. म्हणजे एकाच ग्रंथात दोन सूर आहेत, आणि चर्चच्या इतिहासात दुसरा अधिक मोठ्याने वाजला. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचा आचार्य म्हणत होता की शेवटी सगळे जीव देवाकडे परततील. सन ५५३ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास, त्या मताला पाखंड ठरवण्यात आले. सोळाव्या शतकातल्या कॅल्विनने तर कोण तरणार आणि कोण नाही हे देवाने आधीच ठरवले आहे असे मांडले. मग धीर कशाचा? उत्तर आधीच लिहून ठेवलेल्याने वाट पाहायची ती कोणाची? कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये मात्र म्हटले की, ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही आणि जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ज्याला कळले आणि तरी ज्याने नको म्हटले, त्याचा प्रश्न तसाच राहतो.

माझा आक्षेप इथे आहे. मुदत घालून थांबणे सावकारालाही जमते. मुदतीच्या भीतीने जो येतो तो देवाकडे येत नाही, भीतीपासून पळतो. आणि पळणारा जिथे आडोसा मिळेल तिथे शिरतो.

पण हा आक्षेप घेताना आपले घर झाकून ठेवता येणार नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत म्हणतात की दुराचाऱ्यानेही अनन्य होऊन भजले तर तो साधूच समजावा. सोळाव्यात तेच भगवंत आसुरी जीवांना पुन्हा पुन्हा आसुरी योनीत टाकतात. १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो टिपून घेतला. ज्यांना जगाने बंद दाराआड टाकले त्यांच्यापुढे हे दोन्ही अध्याय सांगितले गेले, हे आठवून ते पुस्तक वाचावे. याच विनोबांनी पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ही सिद्ध केले. आणि यमदूतांचे साखळदंड वाजवून श्रोत्यांना नामाकडे हाकणारे कीर्तन आपण कोणी ऐकलेच नाही असे थोडेच आहे? त्या वेळी आपण बाजारातल्या पत्रकवाल्यापेक्षा फार वेगळे नसतो.

सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाने १९४० मध्ये एक विचार मांडला, त्याने या सगळ्या चर्चेला वळण मिळाले. नरकाची कडी आतून लावलेली असते, असा त्याचा आशय. देव कोणाला बाहेर ठेवत नाही, माणूस स्वतःला आत कोंडून घेतो. हे वाचताना वारकऱ्याला ताटी आठवणार नाही असे होणारच नाही. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी आतून लावून बसले आणि बाहेर उभी राहून धाकटी मुक्ताई विनवीत राहिली. जी माउली अवघ्यांची, तीच रुसली होती. लुईस कडीपाशी थांबतो. कडी आतून आहे म्हटले की बाहेरच्याची जबाबदारी संपली, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. मुक्ताई तिथून सुरू होते. ती मुदत घालत नाही, परिणाम सांगत नाही; आत बसलेल्याला तो कोण आहे याची आठवण देत राहते. तापीकाठी ती गुप्त झाली, आणि तिची पालखी आजही मुक्ताईनगरहून महिनाभराहून अधिक चालत पंढरीला जाते, हे खान्देशाचे भाग्य.

ख्रिस्ती घरात असा धीर कुठे दिसतो का? दिसतो, आणि तोही मराठीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या अंगाने फारशी वाचली गेलेली नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो असे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी नकार दिला. जवळजवळ पाच वर्षे नवरा-बायको दुरावले. त्यातला काही काळ बाईंनी पंढरपुरातच काढला. टिळक मुळात धीराचे नव्हते. तापट, लहरी, हातातला पैसा वाटून टाकणारे, असे बाईंनीच त्यांना रंगवले आहे. तरी बाई परत आल्यावर त्यांचे सोवळे, त्यांची वेगळी चूल त्यांनी चालू दिली. पुढे जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न बाईंच्या मनात उठला आणि शिवाशिव गळून पडली, ती कोणाच्या उपदेशाने नव्हे. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे मतांतर आपल्याला पटो न पटो, कडी आतूनच उघडली गेली, एवढे त्या प्रसंगातून कळते.

अर्थात शेवटी ‘हो’ म्हणणाऱ्याची गोष्ट सांगणे सोपे असते. टिळकांच्या धीराची खरी परीक्षा आपल्या धरणगावच्या मुलाने घेतली. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. त्यात सतरा वर्षांचाही न झालेला त्र्यंबक बापूजी ठोंबरे कविता म्हणून गेला आणि ‘बालकवी’ झाला. पुढे तो नगरला टिळकांच्या घरी राहिला. घर धर्मोपदेशकाचे, यजमानाच्या मनात ख्रिस्ताशिवाय दुसरे काही नाही, आणि पोरगा हिंदूच राहिला. त्याच्यासाठी कोणी कुऱ्हाड उगारली नाही. लक्ष्मीबाईंनी त्याच्याबद्दल लिहिले आहे ते घरच्या लेकराबद्दल लिहावे तसे. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ गाडीखाली त्याचा अंत झाला. वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले. ठोंबऱ्याचे तारण झाले की नाही, याचा हिशेब बाईंच्या त्या पानांत मला कुठे आढळला नाही.