'राव' आणि 'कार्यसम्राट'

बडेजावाच्या भाषेबद्दल बोलू लागलो की आपले बोट आपोआप प्रस्थापितांकडे जाते. ते गैर नाही. परंतु मला बोलायचे आहे ते आपल्याच वस्तीत लागणाऱ्या फ्लेक्सबद्दल, आपल्याच जयंतीच्या पत्रिकेबद्दल आणि आपल्याच समीक्षेबद्दल.

एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. ज्यांच्या बापजाद्यांना पाटलाच्या शेंबड्या पोरानेही 'धोंड्या', 'म्हाद्या' म्हणून हाक मारली आणि ज्यांना उलट 'जोहार मायबाप' म्हणावे लागले, त्यांनी आपल्या नावाला 'राव' जोडला तर तो बडेजाव नव्हे. ती लढाई होती. 'दलितांना पदव्यांचा फार सोस' असे हसून म्हणणाऱ्या पांढरपेशाने आधी आपल्या घरातल्या पंत, शास्त्री आणि रावसाहेबांचा हिशेब द्यावा.

मात्र 'राव' मागणे वेगळे आणि 'समाजभूषण, लोकनेते, कार्यसम्राट, विद्रोहाचा धगधगता ज्वालामुखी' असे ओझे एका नावावर लादणे वेगळे. पहिल्यात, मी तुझ्याइतकाच माणूस आहे, हा दावा आहे. दुसऱ्यात, मी तुझ्याहून वरचा आहे, हा. उतरंड तीच, फक्त वरचे मडके आपले. पत्रिका नीट वाचा. वर ठळक अक्षरांत उद्घाटक, मग अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख उपस्थिती. आणि तळाला बारीक अक्षरांत 'समस्त महिला मंडळ'. वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्या, 200 माणसांची भाजी चिरलेल्या त्या बायांना नावेसुद्धा नाहीत! 1956 साली ज्यांनी देव्हारे रिकामे केले, त्यांच्याच व्यासपीठावर आज शाल-श्रीफळाचा सोहळा दोन तास चालतो आणि व्याख्यात्याच्या वाट्याला वीस मिनिटे उरतात. (त्या नारळांचे पुढे काय होते, हे एकदा विचारले पाहिजे.)

जोतीरावांना 1888 साली मुंबईत लोकांनी 'महात्मा' म्हटले, तेव्हा पहिली शाळा काढून 40 वर्षे झाली होती. बाबासाहेबांनी तर 1943 साली पुण्यात, रानड्यांवरच्या भाषणातच, विभूतिपूजेवर कोरडे ओढले. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हे भाषण आपल्या सभांतून हमखास सांगितले जाते. आणि ते सांगणाऱ्याची ओळख करून देताना निवेदकाला पाच विशेषणे पुरत नाहीत.

समीक्षेतही हेच दुखणे आहे. 1978 च्या 'बलुतं'मधला दगडू आपली कहाणी कुणालाही कळेल अशा शब्दांत सांगतो. त्यावर आमची प्राध्यापक मंडळी लिहितात: 'अस्तित्वनिष्ठ जाणिवेचे अंतर्विरोधात्मक आविष्करण'. म्हणजे काय, ते दगडूच्या आईला कोण सांगणार? साधे लिहिले तर विद्यापीठात आपल्याला कच्चे समजतील, ही धास्ती मला कळते. ती खोटीही नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या मराठीची आणि व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली होती. फुल्यांनी भाषा बदलली नाही. 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी त्याच मराठीत लिहिला आणि त्यातला मजकूर ठिकठिकाणच्या लोकांना वाचूनही दाखवला. 'बलुतं'वरचा एखादा समीक्षालेख असा वस्तीत बसून कुणी वाचून दाखवल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.