रेषेची साक्ष : 'चांदोबा'तील कथाचित्रे आणि संगणकीय रेखाटन

१

मराठी समीक्षेने कथाचित्राकडे बहुधा संहितेची शोभा वाढविणारी वस्तू म्हणून पाहिले आहे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची नावे गौरवाने घेतली जातात, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची आठवण निघते. परंतु चित्रकाराने संहितेचे केलेले वाचन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही जाणीव अपवादानेच आढळते. या उपेक्षेचा परिणाम आज विशेष जाणवू लागला आहे. गेल्या तीन दशकांत कथाचित्राचे साधन मुळापासून बदलले. टाक, कुंचला, शाई आणि कागद यांची जागा संगणकाचा पडदा आणि त्यावर चालणारी लेखणी घेत आहे. या बदलाची चर्चा एक तर तंत्राच्या कौतुकात संपते, किंवा गतकाळाच्या हळहळीत. साहित्याच्या अभ्यासकापुढील प्रश्न यांहून वेगळा आहे. साधन बदलल्याने चित्रकाराचे संहितेशी असलेले नाते बदलते काय? आणि बदलत असेल, तर त्या बदलाचा पुरावा पुढच्या पिढीच्या हाती राहणार आहे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास चेन्नई हे शहर सर्वाधिक सोयीचे आहे. त्याचे कारण मराठी वाचकाच्या बालपणातच सापडते. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी ज्या मासिकातून राजे, राक्षस, व्यापारी आणि वेताळ प्रथम पाहिले, तो 'चांदोबा' मद्रासमध्ये तयार होत होता. मराठी मुद्रणाचा तमिळ देशाशी असलेला संबंध तसा जुनाच आहे; सरफोजी राजांच्या तंजावर येथील छापखान्यात १८०६ साली 'बालबोधमुक्तावली' छापली गेली, हे वाङ्मयेतिहासाला ठाऊक आहे. बालवाचकासाठी मराठीत छापलेला हा आरंभीचा ग्रंथही त्याच देशातून आला, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे.

२

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये 'चंदमामा' हे मासिक तेलुगू आणि तमिळ या दोन भाषांतून सुरू केले. १९५२ साली त्याची मराठी आवृत्ती 'चांदोबा' या नावाने निघू लागली. पुढे डझनभर भाषांत पसरलेल्या या मासिकाची रचना साहित्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी होती. कथा मुख्यतः तेलुगूत सिद्ध होई आणि अन्य भाषांत तिची रूपांतरे होत. मजकूर भाषेगणिक बदले; चित्र मात्र सर्वांसाठी एकच असे. कोल्हापूरचा, विजयवाड्याचा आणि कटकचा मुलगा निरनिराळी वाक्ये वाचत, पण एकच राजवाडा पाहत. अनुवादाच्या या व्यवहारात चित्र हाच असा एक घटक होता, ज्याचा अनुवाद होत नव्हता.

त्यामुळे चित्रकारावर एक वेगळीच जबाबदारी पडली. त्याला कोणत्याही एका प्रांताचा न वाटणारा, तरीही कोणालाही परका न वाटणारा भूतकाळ निर्माण करावयाचा होता. प्रत्यक्षात त्या चित्रांतील मंडप, स्तंभ, दागिने आणि नेसण यांवर दक्षिणेची छाप स्पष्ट आहे. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांच्याच विजया प्रॉडक्शन्सने 'पाताळभैरवी' (१९५१) आणि 'मायाबजार' (१९५७) यांसारखे चित्रपट निर्माण केले. अद्भुताची जी दृश्यभाषा पडद्यावर घडत होती, तिचेच नाते मासिकाच्या पानांशी होते. मराठी मुलाने ते दाक्षिणात्य अद्भुत आपलेच मानले. याचे श्रेय अनुवादकांना आहे, तसेच एम. टी. व्ही. आचार्य, 'चित्रा' या नावाने काढणारे टी. व्ही. राघवन, मुखपृष्ठांचे वड्डादि पापय्या आणि 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन या चित्रकारांनाही आहे.

३

शंकर यांचा जन्म १९२४ चा. मद्रासच्या शासकीय कलाशाळेत शिकून त्यांनी प्रथम 'कलैमगळ' या तमिळ मासिकासाठी काम केले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी ते 'चंदमामा'त आले. सुमारे सहा दशके त्यांनी तेथे चित्रे काढली. २०२० साली, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे सर्वांत परिचित चित्र विक्रम आणि वेताळ यांचे. स्मशानाची वाट, पायांशी कवट्या, हातात उपसलेली तलवार घेऊन निघालेला राजा आणि त्याच्या खांद्यावर प्रेत.

हे चित्र संहितेचे वाचन कसे आहे, हे पाहण्यासारखे आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त ही कथा येते. तेथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन आहे आणि कथा पंचवीस आहेत. वेताळ प्रेतात शिरलेला आहे. म्हणजे जे दिसते ते प्रेत आणि जे बोलते ते अदृश्य. शब्दाला ही संदिग्धता सहज पेलते. चित्रकाराला मात्र निर्णय घ्यावा लागतो : काढावयाचे ते प्रेत की वेताळ? शंकर यांनी शरीराचे लोंबणे प्रेताचे ठेवले आणि चैतन्य केसांत व चेहऱ्यात आणले. देह मेलेला आहे, पण तो ऐकतो आणि बोलतो, ही कथेतील मूळ गोष्ट त्या एका खांद्यावर तोलून धरलेली आहे. 'चंदमामा'ने पंचवीस कथांची मर्यादा केव्हाच ओलांडून या मालिकेत अनेक दशके नवनव्या कथा रचल्या. संहिता अशी सतत नवी होत असताना मालिकेची ओळख टिकवून धरली ती या चित्राने.

येथे साधनाचा विचार अपरिहार्य होतो. शाईत बुडविलेल्या टाकाची किंवा कुंचल्याची रेघ एकदा उमटली की परत घेता येत नाही. फार तर पांढरा रंग लावून ती झाकता येते, आणि झाकलेली जागा मूळ कागदावर डोळ्यांना दिसत राहते. म्हणून शाईची रेघ ओढण्यापूर्वीच विचार पूर्ण व्हावा लागे. राजाच्या पावलाची दिशा, प्रेताचा भार कोणत्या बाजूला झुकतो, हे पेन्सिलीच्या कच्च्या रेखाटनात ठरत असे आणि शाई त्या निर्णयावर शिक्कामोर्तब करी. रेषेच्या जाडीतला चढउतार हा हाताच्या दाबाचा, म्हणजेच निर्धाराचा आणि संकोचाचा आलेख असतो.

४

चित्रकाराच्या हातातील लेखणीचा संगणकाशी संबंध १९६३ इतका जुना आहे. त्या वर्षी आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' या प्रणालीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढून दाखविली. कथाचित्रकारांपर्यंत हे तंत्र पोहोचण्यास तीन दशके लागली. १९९० साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये प्रारंभी फक्त शेवटची एकच कृती मागे घेता येत असे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत निरनिराळ्या थरांवर काम करण्याची सोय आली आणि १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत अनेक पायऱ्या मागे जाण्याची. दाब ओळखणाऱ्या पाटीवर रेघ ओढावी आणि ती समोरच्या पडद्यावर उमटलेली पाहावी, हा हात आणि डोळा यांच्यातील दुरावा आरंभी चित्रकारांना जाचत असे. ज्या पडद्यावर पाहावयाचे त्याच पडद्यावर काढता येणारी साधने एकविसाव्या शतकाच्या आरंभी आली आणि हा दुरावाही मिटला.

या तीन सोयींतील सर्वांत मूलगामी सोय रंगाची नव्हे, मागे जाण्याची आहे. रेघ परत घेता येऊ लागली की निर्णय आधी घेण्याची सक्ती संपते. विचार करून रेघ ओढण्याऐवजी रेघ ओढून विचार करता येतो. याला अधोगती म्हणण्याचे कारण नाही. लेखकाने खाडाखोड करावी आणि चित्रकाराने करू नये, असा काही नियम नाही. परंतु या पद्धतीने चित्राची घडण बदलते, हे मान्य केले पाहिजे. शेवटी जी रेघ उरते ती अनेक पर्यायांतून निवडलेली असते. तिच्यामागचे नाकारलेले पर्याय दिसत नाहीत.

दुसरा फरक प्रमाणाचा आहे. कागदावर चित्रकार संपूर्ण पान डोळ्यांसमोर ठेवून काम करतो. पडद्यावर हवा तो कोपरा हवा तेवढा मोठा करून पाहता येतो. त्यामुळे राजाच्या मुकुटातील खडा आणि दूरच्या झाडाचे पान यांना सारखेच लक्ष मिळू लागते. कथाचित्रात काय ठळक आणि काय अंधुक ठेवावयाचे, ही निवड म्हणजेच अर्थनिर्णय असतो. सर्वत्र सारखा तपशील भरलेले चित्र कुशल दिसते, पण ते संहितेविषयी काही बोलत नाही. अलीकडच्या पुष्कळशा बालसाहित्यातील चित्रे चकचकीत असूनही स्मरणात का राहत नाहीत, याचे एक उत्तर येथे मिळते.

तथापि हा दोष साधनाचा मानणे घाईचे ठरेल. मद्रासच्याच कलाशाळेतून बाहेर पडलेले, मदुराईत १९५३ साली जन्मलेले ट्रॉट्स्की मरुदु यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तमिळ लघुनियतकालिकांपासून लोकप्रिय साप्ताहिकांपर्यंत त्यांची शाईची रेखाटने प्रसिद्ध झाली. आणि चित्रपट व ॲनिमेशन यांच्या ओढीने संगणकाकडे वळलेल्या पहिल्या तमिळ चित्रकारांत त्यांची गणना होते. त्यांच्या कागदावरील रेषेतील आवेग पडद्यावर नाहीसा झालेला नाही. याचा अर्थ असा की रेषेची शिस्त ज्याच्या हातात आधी मुरलेली आहे, त्याच्या दृष्टीने नवे साधन हा केवळ अधिकचा अवकाश असतो. प्रश्न उभा राहतो तो ज्या पिढीने परत न घेता येणारी रेघ कधी ओढलेलीच नाही, तिच्याबाबतीत. ती पिढी ही शिस्त अन्य मार्गाने कमावू शकेल. पण ती आपोआप येणार नाही.

५

जुन्या साधनाचा गौरव करताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. 'चांदोबा'च्या वाचकाने शंकर यांची मूळ रेघ कधीच पाहिली नव्हती. चित्रकाराचा कागद आणि वाचकाचे पान यांच्यामध्ये छायाचित्रण, ठसे, छपाईची शाई आणि स्वस्त कागद उभे होते. वाचकाने ज्यावर प्रेम केले ती प्रतिकृतीच होती. म्हणून हाताने काढलेले चित्र अस्सल आणि संगणकावरचे नक्कल, ही विभागणी छापील कथाचित्राला लागू पडत नाही.

खरा भेद मागे काय उरते, हा आहे. मूळ कागदावर पेन्सिलीच्या पुसट रेघा, पांढऱ्या रंगाचे ठिपके, समासातील सूचना अशा खुणा राहतात. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने पाठभेदांतून ग्रंथाचा इतिहास उलगडला. कथाचित्राची तशी चिकित्सा करावयाची तर या खुणा हेच तिचे पाठभेद होत. संगणकावरील चित्रात या खुणा राहूच शकत नाहीत असे नव्हे. उलट प्रत्येक थर वेगळा जपून ठेवता येतो. मात्र छापखान्याकडे जाते ती सर्व थर एकत्र मिटविलेली धारिका, आणि तिच्यात घडणीची एकही खूण नसते. थर जपणे ही साधनाची शक्यता आहे, सवय नव्हे.

'चंदमामा'चा उत्तरकाळ या संदर्भात बोधप्रद आहे. २००७ साली मुंबईच्या जिओडेसिक या सॉफ्टवेअर कंपनीने ते विकत घेतले. जुने अंक संगणकीय रूपात महाजालावर ठेवण्यात आले, तेव्हा या चित्रांना जणू अक्षय आयुष्य लाभले असे अनेकांना वाटले. २०१३ च्या सुमारास मासिकाचे प्रकाशन थांबले आणि पुढे ते संकेतस्थळही बंद पडले. घराघरांत बांधून ठेवलेले, कडा पिवळ्या पडलेले छापील अंक मात्र टिकून राहिले, आणि हौशी संग्राहकांनी त्यांवरूनच पुन्हा प्रती केल्या. कागद नाशवंत आणि संगणकीय प्रत शाश्वत, हा समज या उदाहरणाने उलटा पाडला. संगणकीय प्रतीचे आयुष्य तिची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या आयुष्याइतकेच असते; कागदाला मात्र दुर्लक्ष होऊनही काही दशके तग धरता येतो.

६

२०२२ पासून शब्दांवरून चित्र तयार करणाऱ्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्या आणि या प्रश्नाला नवी धार आली. संगणकावर काढणारा चित्रकार निदान रेघ ओढतो. ती परत घेत असला तरी ओढतो. नव्या प्रणालीत रेघ ओढणारा कोणीच नसतो. अशा वेळी 'या चित्रकाराने ही कथा अशी वाचली' हे विधान सिद्ध करावयाचे तर केवळ अंतिम चित्र पुरेसे होणार नाही. प्रेतात शिरलेला वेताळ काढताना कोणत्या शक्यता चाचपल्या गेल्या आणि कोणत्या टाकल्या, हे दाखविणारा पुरावा लागेल. घडणीच्या खुणा आजवर अभ्यासकाच्या कुतूहलाचा विषय होत्या; यापुढे त्या चित्रकाराच्या कर्तृत्वाचा दाखला ठरतील.

मराठी विभागांनी आणि ग्रंथसंग्रहालयांनी लेखकांची हस्तलिखिते व पत्रव्यवहार जपण्याची परंपरा निर्माण केली आहे. तिचा विस्तार कथाचित्रांपर्यंत होणे अगत्याचे आहे. कागदावर काम केलेल्या चित्रकारांची मूळ चित्रे त्यांच्या कुटुंबीयांकडे असतील तोवरच त्यांची नोंद व्हावी. संगणकावर काम करणाऱ्यांकडून छापील चित्राबरोबर थर न मिटविलेली धारिका आणि कच्ची रेखाटने मागून घ्यावीत, आणि कालबाह्य होणाऱ्या संगणकीय रूपांतून ती वेळोवेळी नव्या रूपांत उतरवावीत. प्रकाशकांनीही कथाचित्रकाराशी करार करताना याची तरतूद करावी. शंकर यांच्या वेताळाविषयी आज जेवढे बोलता येते, तेवढे तरी आजच्या चित्रकारांविषयी उद्या बोलता यावे, यासाठी ही किमान तयारी आहे.